पस्तीसला पास

तीर्थस्वरूप ताईस,

गुडघे वाकत नाहीत म्हणून खुर्चीतूनच साष्टांग नमस्कार. तुझी कंबर, तुझी झोप आणि शेजारणीशी धरलेला अबोला, तिन्ही आता जरा सैल झाले असतील असे धरून चालतो. मी ठीक आहे. लॅपटॉप मात्र गेला. (देह टेबलावर आहे, आत काही नाही.)

गेल्या वर्षी तू आणि भावोजी इथे राहून गेलात, तेव्हा आपल्या शाळेतल्या सगळ्या कविता तुझ्या आवाजात मी त्यात भरून ठेवल्या होत्या. त्याही गेल्या. हे एक वाक्य लिहिता येईना म्हणून पत्राला इतका उशीर.

अचानक झाले म्हणावे तर तसेही नाही. लॅपटॉपमधले सगळे जिच्यात साठते त्या हार्ड डिस्कची तब्येत टक्क्यांत दाखवणारा एक प्रोग्राम जावईबापूंनी घालून दिला होता. आकडा घसरू लागला की सगळ्याची नक्कल काढून ठेवा, असे बजावलेही होते. मी रोज बघत होतो गं. आधी एक्क्याऐंशी, मग चौसष्ट, मग एकेचाळीस. पण जन्मभर पोरांचे पेपर तपासलेला माणूस मी. पस्तीसला पास, हे हाडात मुरलेले. एकेचाळीस बघून मला कौतुकच वाटले. (तू गणितात छत्तीस मिळवून अख्खी गल्ली फिरली होतीस, विसरली नसशील.) पुढे ती डिस्क आतून टकटक करू लागली. दुसऱ्या कोणाचे धाबे दणाणले असते. मला त्यात लय सापडली. दोन लघू, एक गुरू, जरासा थांबा. खिडकीशी बसून मी त्या ठेक्यावर कविता म्हणायचो आणि ओल्या पाटीचा वास आल्यासारखा वाटायचा. तिला घरघर लागली होती आणि मी समजत होतो, साथ करते आहे.

अगदीच गाफील राहिलो असे नाही. कवितांची नक्कल काढून 'सुरक्षित' नावाच्या कप्प्यात ठेवली होती. तो कप्पा त्याच डिस्कवर होता. हे ऐकून जावईबापू फोनवर म्हणाले, "बाबा, घराला आग लागेल म्हणून तुम्ही दागिने दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलेत." सासऱ्याला एवढ्यावरच सोडले, हा त्यांचा मोठेपणा. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले.

तुझा धाकटा,
काठावर पास

ता. क. नवा लॅपटॉप शंभर टक्के दाखवतो. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता, म्हणून पत्र हाताने लिहिले.

ता. क. दुसरा. पत्र खरे तर याचसाठी. परत ये आणि परत म्हण. दम लागला तर दिवसाला एकच कडवे.

ता. क. तिसरा. एक तुकडा वाचला आहे, पण तो कवितेचा नाही. तुझ्या शेवटच्या कवितेत भावोजी मध्येच बोलले होते. तेवढे कापायचे कसे, हे विचारायला मी तो तुकडा जावईबापूंना पाठवला होता. त्यांच्या फोनवर तो तसाच राहिला. भावोजी विचारतात, "चहा होणार आहे का आज?" तू म्हणतेस, "थांबा हो, कडवं तरी संपू दे." मग ते हसतात. बस, एवढेच. ते असते तर आज कापून टाकलाही असता. आता त्याच्या नकला वेगवेगळ्या घरांत ठेवल्या आहेत. तुझ्याकडे तसला फोन नाही, म्हणून एक तुझ्या शेजारणीच्या फोनवर पाठवली आहे. तेव्हा अबोला सोड आणि तिचे दार वाजव.