टिल्लूने घातलेली घडी

प्रिय सूनबाई,

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. तुझं कार्ड आलं तेव्हा थंडी होती आणि आता उन्हाळा तोंडावर आलाय. चष्म्याची काडी मोडली होती हे खरं, पण ती जोडून आणल्यालाही बरेच दिवस झाले, तेव्हा ती सबब चालणार नाही. लिहायला बसलो की वर 'प्रिय' तेवढं लिहून व्हायचं आणि पुढे हात हलायचा नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. घरातलं लिहिणं-वाचणं सगळं टिल्लू बघायचा, नंतर तू बघायचीस. फोन करावा तर मला धड ऐकू येत नाही, आणि तू 'मी बरी आहे बाबा, तुम्ही जेवलात का' एवढं विचारून ठेवून देतेस. जेवतो गं, रोज जेवतो. पण बोलायचं असतं ते पोटातच राहतं.

गेल्या आठवड्यात दाढीवाला येऊन गेला, तुमच्याबरोबर टेकडीवरून लोकांना कापडी पंखाखाली बांधून उडवायचा तो. आता दाढीत पांढरे केस दिसायला लागलेत त्याच्या. इकडचं तिकडचं बोलता बोलता तो म्हणाला, तू तिकडे डोंगरात पुन्हा उडायला लागलीस. महिनाभर तो तिकडेच होता, तुला बघून आलाय. मी कपबशी खाली ठेवली. तो म्हणाला, काका, घाबरू नका, ती चांगली उडते. मी म्हटलं, अरे, चांगली उडते म्हणून तर घाबरतो, वाईट उडणारी माणसं घरी तरी बसतात. तो हसला. मला काही हसू आलं नाही. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही माझा.

तुला माहीतच आहे माझा स्वभाव. टिल्लू म्हणायचा, बाबांना काळजी करायला कारण लागत नाही, नुसती जागा लागते. जन्मभर मी कचेरीतली लिफ्ट चालवली, लोकांना वर नेलं नि खाली आणलं, पण दोराला बांधून. तपासणीचा माणूस येऊन बघून जाईपर्यंत साहेब आला तरी मी दार उघडायचो नाही. आणि माझ्या पोटी हा निघाला! जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून त्याला टिल्लू नाव पडलं, आणि वाढला तो दाराची चौकट डोक्याला लागेपर्यंत. त्यावर बायको आणली ती अशी हलकी, की वाऱ्याने भलतीकडे नेऊ नये म्हणून पाण्याच्या बाटल्या कमरेला बांधून उडायची. तुम्ही दोघं जिन्यातून उतरायचात, पाठीवर आपल्याहून मोठी ओझी घेऊन, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई विचारायच्या, आज घर सोडून चाललात की काय? रोज विचारायच्या. रोज तू हसायचीस.

तो शेवटचा उन्हाळा तुला आठवतो का? आठवत असणारच, मी तरी काय विचारतोय. असा लहरी उन्हाळा मी पाहिला नव्हता. सकाळी आभाळ धुतल्यासारखं, दुपारी टेकडीच्या डोक्यावर ढग, संध्याकाळी वारा भलत्याच बाजूने. पहाटे उठून टिल्लू खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि तू मोबाइलात वाऱ्याचे आकडे बघायचीस, आणि दोघांचं कधी जमायचं नाही. तो म्हणायचा, हात खोटं बोलत नाही. तू म्हणायचीस, तुझा हात झोपेत आहे अजून. मग चहा होईपर्यंत तुमची वादावादी, आणि मी मध्येच म्हणायचो, आज राहू द्या. त्यावर मात्र तुमचं लगेच एकमत व्हायचं, की बाबांना विचारलंच नाही कुणी.

उडता येत नव्हतं त्या दिवसांत घर डोक्यावर घेतलंत तुम्ही. आलेली गिऱ्हाइकं परत जायची, पैसे परत द्यावे लागायचे, आणि टिल्लूचं तोंड आंबट व्हायचं. तू गच्चीवर पंख वाळत घालायचीस आणि वारा फिरला की मला हाका मारायचीस, बाबा, टोक धरा! मी टोक धरायचो. एकदा तर त्या कापडाने मला फूटभर ओढत नेलं. मी शिव्या घातल्या, आणि टिल्लू म्हणाला, झालं, बाबांचं पहिलं उड्डाण झालं. भांडण असलं तरी टेकडीवर तुम्ही एकमेकांचे पट्टे तपासल्याशिवाय निघायचा नाहीत, हे मला दाढीवाल्याने सांगितलं. म्हणाला, एक दिवस दोघं बोलत नव्हते, तरी ती खाली बसून त्याच्या मांडीचे पट्टे ओढून बघत होती आणि तो आभाळाकडे बघत उभा, जणू ओळखच नाही.

मी सगळा उन्हाळा आभाळाकडे बघत काढला. ढग दिसला की जीव गोळा. वाटायचं, काही यायचं तर तिकडूनच येईल. आणि ते आलं आपल्या दारात. टिल्लू बूट घालायला वाकला, 'डोकं दुखतंय' म्हणाला, आणि तिथेच भिंतीला टेकला. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली, कुणाच्या हातात काही नव्हतं. त्या दिवशी वारा इतका छान होता गं. तू नंतर तेवढंच एक वाक्य बोललीस, मला अजून आठवतं. 'बाबा, आज सगळे उडत असतील.' नंतर तू आपलं सामान घेऊन तिकडे डोंगरात गेलीस, मी अडवलं नाही. या घरात मला राहवत नाही, तर तुला कसं राहवेल? मला दुसरं घर नाही एवढाच फरक.

आता ज्याच्यासाठी बसलोय ते लिहितो. दाढीवाला सहज बोलून गेला. तिकडे हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी शेडमध्ये बसून जादाच्या छत्र्या उघडल्या, हवेशीर टांगल्या आणि परत बांधल्या. पंखाने दगा दिला तर ओढायची ती छत्री. त्याने तुला म्हटलं, आण तुझी, मी धरतो. तू म्हणालीस, माझी झालीय, घरीच बांधून घेतली. त्याला ते खरं वाटलं. पण सूनबाई, कुठल्या घरी गं? तुमची पद्धत मला का माहीत नाही? तुझी छत्री टिल्लू बांधायचा, त्याची तू बांधायचीस. आपली आपण कधी नाही. तो म्हणायचा, स्वतःची बांधताना माणूस कंटाळा करतो, दुसऱ्याची बांधताना करत नाही. त्या उन्हाळ्याच्या तोंडाला तुम्ही याच खोलीत जमिनीवर बसून बांधल्यात, मला छतावरचा पंखासुद्धा लावू देत नव्हतात. त्यानंतर तुझ्या छत्रीला कुणाचा हात लागलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी दाढीवाल्याला परत बोलावलं आणि टिल्लूची छत्री कपाटातून काढून दिली, तू बांधलेली. तुला न विचारता केलं, माफ कर. म्हटलं, उघड, मला बघू दे दोन उन्हाळ्यांत काय होतं ते. त्याने मूठ धरून ओढलं. पिशवी सुटली, पण आतलं कापड नुसतं गोळा होऊन पडलं, जुनं पुस्तक भिजून वाळल्यासारखं. पाकळ्या एकेक करून सोडवाव्या लागल्या, टरटर आवाज येत होता. दोऱ्या अडकवलेले रबर वितळून दोऱ्यांनाच चिकटले होते. दाढीवाल्याने ते रबर नखाने खरवडून पाहिलं. मग म्हणाला, काका, ही वेळेवर उघडली नसती. सूनबाई, तुझ्या हाताची घडी होती ती, आणि तुझ्या हातात कसूर नव्हती. काळच तेवढा लोटलाय. सगळं कापड खोलीभर पसरलं आणि मी मध्ये उभा राहून बघत होतो. खरं सांगू? मला वाटत होतं, आत काहीतरी असेल. त्याचं काहीतरी. नुसतं कापड होतं. मी खूप रडलो, आणि त्या रात्री मला झोप लागली.

उडू नकोस असं सांगायला हे पत्र नाही. तो हक्क मला नाही, आणि सांगून तू ऐकणारीही नाहीस. तू ती का उघडत नाहीस, ते मला कळतं. त्याच्या हाताने केलेलं तेवढंच एक जसंच्या तसं शिल्लक आहे, आणि ते घेऊन तू वर जातेस. पोरी, टिल्लूला टॉवेलसुद्धा कधी धड घडी करता आला नाही. शर्टाचे बोळे करून कपाटात कोंबायचा, तू ओरडायचीस. सगळ्या आयुष्यात त्याने जीव लावून घडी घातली ती एवढीच, गुडघे दुखेपर्यंत बसून, आणि ती घातली ती तुझ्यावर वेळ आली तर क्षणात मोडावी म्हणून. ती मोडली नाही तर त्याचं काम फुकट गेलं. मला एकदा त्याला पोचवून यावं लागलंय, पुन्हा कुणाला पोचवायची ताकद माझ्यात नाही. तुला एकटीने नाही जमलं तर दाढीवाल्याला बोलाव, तो नाही म्हणणार नाही, तुझ्या छत्रीचं मी त्याला काही सांगितलेलं नाही. मीही येईन, जिने चढता येतात मला अजून. पण छत्री उघडून नव्याने बांधल्याशिवाय वर जाऊ नकोस. पत्र मिळाल्याबरोबर दोन ओळी टाक, दोन नाही तर एक टाक. नुसतं 'उघडली' एवढं लिहिलंस तरी चालेल. फोनवर सांगू नकोस, मला ऐकू आलं की नाही अशी शंका राहील. मी रोज खाली उतरून पत्रपेटी बघेन. लवकर कळव.

तुझाच,
बाबा