मीटरवरचा लाल ठिपका

१ डिसेंबर, सकाळी
आजपासून घरातली विजेची उधळपट्टी बंद. सगळे पिवळे बल्ब काढले, चौदा एलईडी लावले. लेकीच्या, तेन्मोळीच्या, साखरपुड्याला व्याही पळनियप्पन चारचौघांत म्हणाले होते, "माणिक्कम, घर आहे की सोनाराचं दुकान? भर दुपारी दिवे!" सगळे हसले. मला ते अजून टोचतं. १६ जानेवारीला, काणुम पोंगलच्या भेटीगाठींना, ते ईरोडहून आमच्याकडे डोंगरावर कुन्नूरला नाश्त्याला येणार. लेक-जावई बरोबर. त्या दिवशी त्यांना मीटरसमोर उभं करणार. दिवसाला तीन युनिट. लिहून ठेवतो. तीन.

कर्पगमला सांगितलं. म्हणाली, "बरं." एकतीस वर्षांच्या संसारात माझी बायको नुसतं "बरं" म्हणून थांबलेली नाही. लक्ष ठेवायला हवं.

४ डिसेंबर
साडेपाच युनिट! हिशेबाने तीन हवीत. अडीच युनिट कुणीतरी खातंय.

मी चहाच्या फॅक्टरीत तेहतीस वर्षं पानाचं वजन घेतलं. पोत्यात दगड असला की मला आणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. इथेही दगड आहे.

९ डिसेंबर, दुपारी २
प्रयोग केला. सगळे दिवे बंद. फ्रिजची पिनसुद्धा काढली. बाहेर जाऊन पाहिलं तर मीटरवरचा लाल ठिपका मिचमिचतोच आहे. घरात काही चालू नाही, तरी वीज जातेय. म्हणजे चोरी. शास्त्रीय पुरावा.

कर्पगमला म्हटलं. ती म्हणाली, "अहो, जुना झालाय मीटर. म्हातारपणी डोळे मिचकावतात काही जण." आणि लगेच गरम इडल्या वाढल्या. कापूस नुसता! इतक्या थंडीत पीठ कसं फुगतं, असं खालच्या गावचे पाहुणे विचारतात. मी कोइम्बतूरहून स्वतः आणलेल्या ग्राइंडरची करामत आहे.

१४ डिसेंबर
संशयित सापडला. शेजारचा बेल्ली गौडर. भिंत सामाईक. आम्ही दोन स्वेटर घालून बसतो आणि हा बनियनवर अंगणात फिरतो. अंगात एवढी ऊब कुठून येते? माझ्या अडीच युनिटांतून.

२० डिसेंबर
गौडरला तोंडावर विचारलं. तो चिडला नाही, हे आणखी संशयास्पद. मला चहा दिला आणि स्वतःच म्हणाला, "माझा मेन स्विच पाड. तुझा ठिपका थांबला तर मी चोर." पाडला. माझा ठिपका मिचमिचतच राहिला. यात काहीतरी तांत्रिक हातचलाखी आहे.

त्याची बायको म्हणाली, "अण्णा, आधी आपल्या ओट्याखाली बघा की." दोघं खूप हसले. लक्ष दुसरीकडे वळवायची जुनी युक्ती. पोत्यात दगड घालणारेही "काटा तपासा" म्हणायचे. मी ओट्याखाली मुळीच बघितलं नाही.

१ जानेवारी
नववर्षाचा संकल्प : पुराव्याशिवाय आरोप नाही. पुरावा मिळवण्यासाठी दोन तास भिंतीला स्टीलचा पेला लावून बसलो. आतून गौडरीण कुणाला तरी म्हणत होती, "कर्पगम अक्का बिचारी." बिचारी का? नोंद केली.

कान गारठला. सर्दी. कर्पगमने मिरीचं रसम दिलं आणि पेला परत मागितला.

१३ जानेवारी, भोगी, सकाळी १०
लिहायची लाज वाटते. तरी लिहितो.

भोगीला जुनं-पानं बाहेर काढायचं. कर्पगम ऊस आणायला बाजारात गेली, म्हणून मी ओट्याखालचं कपाट आवरायला घेतलं. दार उघडलं तर आत उजेड! मागे पत्र्याच्या डब्याआड शंभर वॅटचा पिवळा बल्ब जळतोय. शेजारी एक पातेलं, माझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेलं. चोवीस तास. माझ्याच घरात. माझ्याच बायकोकडून.

फार वाईट वाटलं. गौडर असता तर इतकं वाटलं नसतं.

मग विचार केला. झुरळांना भिऊन लावला असेल. बायकांना अंधाऱ्या कपाटाची भीती असते. तिला लाजवायचं नाही. नऊ वॅटचा एलईडी लावला, रंग तोच पिवळा. उजेड उलट जास्तच. जुना बल्ब भोगीच्या कचऱ्यात फोडून टाकला. संसारात असं मोठं मन लागतं.

१५ जानेवारी, संध्याकाळी
तीन युनिट!! बरोबर तीन. कर्पगमला काही कळलेलं नाही. सकाळी तिने उद्यासाठी तीस इडल्यांचं पीठ वाटून कपाटात ठेवलं. कपाटात का ठेवते कोण जाणे. विचारणार होतो, पण गुपित फुटलं असतं.

१६ जानेवारी, दुपारी
पहाटे कर्पगमने पातेल्याचं झाकण काढलं. पीठ जिथल्या तिथे. चमचा उभा राहिला.

तिने कपाटात हात घातला, बल्बला लावला आणि तसाच धरून ठेवला. गार. मग माझ्याकडे वळली. "अहो, उजेड कुणाला हवा होता? पिठाला ऊब लागते." ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सणामुळे दुकानं बंद. तरी इडल्या केल्या. व्याह्यांनी एक उचलली, ताटलीत ठेवली. टण्ण आवाज आला. कर्पगम खाली बघत उभी राहिली. तिच्या इडल्यांची कीर्ती ईरोडपर्यंत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात गौडरीण मागच्या दाराने पातेलं घेऊन आली; पहाटेचं बोलणं भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणार. तीस इडल्या, कापसासारख्या. व्याह्यांनी नऊ खाल्ल्या. हात धुऊन म्हणाले, "वा! आता दाखवा तुमचा मीटर." दाखवला. म्हणाले, "तीन? छान." आणि ढेकर दिला.

१९ जानेवारी
आजचं रीडिंग : एक युनिट. विक्रम.

सांगायला घरात कुणी नाही. कर्पगम लेकीबरोबर ईरोडला गेली. परत कधी, ते बोलली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "तिथे पीठ नुसतं ओट्यावर ठेवलं तरी फुगतं."

सकाळी पाव खाल्ला. मग कपाट उघडून पाहिलं. रिकामं पातेलं एलईडीत फार स्वच्छ दिसतं. शंभर वॅटचा बल्ब कुठे मिळतो, ते गौडरला माहीत असणार. भिंतीपर्यंत दोनदा जाऊन आलो.