चिरायची फळी

३ मार्च
ती. ताईस, सा. न. वि. वि.
सोबत दहा कागदी पट्ट्या पाठवतोय. अन्नाचा थेंब टाकायचा. घातक जिवाणू असले तर पट्टी लाल होते, नसले तर पांढरीच राहते. सहा वर्षं यावर डोकं फोडलं, निम्मे केस त्यातच गेले. इथे प्रयोगशाळेत शंभरपैकी शंभर बरोबर! तुझ्या शाळेच्या स्वयंपाकघरात वापरून कळव. महिनाअखेरीस आमच्या साहेबांना प्रत्यक्ष वापराचे निकाल दाखवले नाहीत, तर काम बंद.
लोभ असावा, शंका नसावी.
तुझा धाकटा

९ मार्च
चि. जंतूशेठ, अनेक आशीर्वाद.
सूप लाल. भाजी लाल. दूधही लाल! दोनशे मुलांचं जेवण ओतून दिलं, पोरं बिस्किटांवर राहिली. पुन्हा असं झालं तर स्वयंपाकघर बंद करून जेवण बाहेरून आणू, असा मुख्याध्यापिकाबाईंनी दम दिलाय. शेवटी चिडून उकळत्या पाण्याचा थेंब टाकला. तोही लाल! अरे, पाण्याला काय रोग झालाय? उरलेल्या सहा कचऱ्यात टाकू का?
रागावलेली तरी तुझीच, ताई

१४ मार्च
ती. ताईस, सा. न. वि. वि.
टाकू नकोस गं! मी पट्ट्या कायम थंडगार खोलीत तपासल्या. गरम थेंबाने त्या उगाचच लाल होतात, हे आज कळलं. स्वयंपाकघरासाठी वस्तू बनवणारा हा शहाणा सहा वर्षांत एकदाही स्वयंपाकघरात गेला नाही. थेंब चमच्यात गार करून टाक. एवढी एकदा लाज राख.
ओशाळलेला धाकटा

१९ मार्च
चि. जंतूशेठ, अनेक आशीर्वाद.
गार करून टाकले. सूप, भाजी, दूध, सगळं पांढरं. मी अशी फुगले, की गंमत म्हणून माझ्या चिरायच्या फळीवरचं पाणीही तपासलं. तीच फळी, जिला मी वीस वर्षं कुणाला हात लावू देत नाही. लाल. तुला चार शिव्या घालून दुसरी पट्टी लावली. तीही लाल.
सकाळी त्या फळीवर चिकन, मग नुसतं पाणी मारून काकडी. गेल्या महिन्यात आठ मुलं पोट धरून घरी गेली, तेव्हा त्यांच्या आयांना मीच ठसक्यात सुनावलं होतं, की बाहेरचं अरबट चरबट खातात. लाज वाटते रे.
फळी फेकली. बाईंना सगळं सांगितलं. स्वयंपाकघर राहतंय की जातंय, बघू. उद्या त्या आठ घरी जाऊन येते. हे पत्र साहेबांना दाखव, आणि माझी सही झाकू नकोस.
उरलेली पट्टी जपून ठेवलीय. लोभ तुझ्याकडेही थोडा शिल्लक असू दे.
तुझी ताई