भिवराचं हसू

९ जानेवारी, चौसाळा (जि. बीड)
आमच्या नाटकाचा सिनेमा होणार! पुण्याचा दिग्दर्शक सत्यम प्रयोग बघून रडला म्हणे. रडण्यासारखं काय आहे त्यात? भिवरा सरपंच होते, झेंडावंदनाला पुढारी तिची खुर्ची उचलून नेतात, ती मातीतच बसते आणि खो खो हसत सुटते. पुढाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. हे सगळं आईच्या बाबतीत घडलेलं. निवृत्ती सरांनी लिहिलं, भिवरा मी करते.

१४ जानेवारी
माझ्याच भूमिकेसाठी माझी ऑडिशन! सत्यम म्हणाला, "ताई, काम छान, पण तुम्ही दलित वाटत नाही." घ्या! आता वस्तीतून दाखला आणू? म्हणे साडी इस्त्रीची, बोलणं शुद्ध. बँकेत नोकरीला काय फाटकं नेसून जाऊ?
आईला सांगितलं. "कावून गं? आपुन धुतलेलं नेसू न्हाई का?"

२ फेब्रुवारी
भिवरा मुंबईच्या चैतालीला मिळाली. गोरीपान पोरगी. रोज सकाळी दोघीजणी तिला काळं फासतात.

५ फेब्रुवारी
पैसा इथल्या पुढाऱ्याचा, विजयसिंहदादांचा, म्हणून त्यांचा भाचा हिरो. नाटकात हिरोच नव्हता! आता भिवरा मातीत बसून रडते आणि हा खुर्ची घेऊन धावत येतो. हसू गेलं! सरांना जाब विचारला, तर म्हणाले, "माध्यम वेगळं हाय, आम्रपाली." करारावर सही करून बसले, आता मला माध्यम शिकवतात!
आई एवढंच म्हणाली, "मी रडले न्हवते. तेवढं सांग त्यायला."
सांगितलं. सत्यमनं मान डोलावली आणि चहा मागवला. घरी येऊन मीच रडले, संतापानं.

११ फेब्रुवारी
शूटिंग बघायला गेले. ग्लिसरीन घालूनही चैतालीला रडू येईना. डोळे तेवढे लाल! शेवटी सत्यमनं तिला पदरात तोंड लपवून नुसते खांदे हलवायला लावले. भाचा खुर्ची धरून उभा. टाळ्या!

२० एप्रिल
सत्यमचा फोन. चैतालीची भाषा बीडची वाटत नाही, तर आवाज माझा हवा. दलित न वाटणारा चालेल का, विचारलं. तारीख सांगून त्यानं फोन ठेवला. आई म्हणाली, "जा. तोंड न्हाई तर न्हाई, गळा तर हाय."

२ मे, पुणे
डबिंग संपलं. शेवटचा सीन. पडद्यावर पदराआड चैतालीचे खांदे हलायला लागले आणि मी हसले. पोट धरून, आई हसली होती तशी! समोर भाचा खुर्ची घेऊन येड्यासारखा उभा. सत्यमनं तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा लावला. मग म्हणाला, "ठेवू."