जांभळ्या गोलाच्या आत

३ नोव्हेंबर

आले एकदाची सुरतेला. उधन्याच्या स्टेशनात उतरले तेव्हा पाय सुजून घागरी झाले होते, पण जीव खूश. बावीस वर्षं ह्यांनी इथं लोकांच्या खोल्यांत दाटीवाटीनं काढली आणि मी तिकडे बेटावदला सासू सांभाळली. सासू गेली, पोरगी नांदायला गेली. आता मला कोण अडवतंय? पोरीनं, योगितानं, निघताना ही वही दिली. म्हणाली, आई, तू फोनवर नुसती भांडतेस, त्यापेक्षा वहीत भांडत जा. चौथी शिकलेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण माझं मला वाचता येतं.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. लिहायला काय जातंय? हिलाल. लिहिलं, आभाळ पडलं नाही. पुढं मात्र ‘हे’च लिहीन, हाताला सवय नाही.

खोली गोडादऱ्यात, तळमजल्याला. आपला नळ, आपली मोरी. गल्ली अशी अरुंद की मोटारसायकल आत आणायची तर आरसे दुमडावे लागतात. समोर मालतीबाई राहते. साड्यांचे ढीग मांडून दिवसभर धागे कापते, त्या कात्रीहून तिची जीभ जोरात चालते. मला बघून विचारते, काय वं, हिलालभाऊनं आणलं का आपणहून आलीस? मी म्हटलं, पार्सल आलंय, सही कर आणि उतरवून घे. तेव्हापासून पटतंय आमचं.

हे टेम्पो चालवतात. लूमच्या कारखान्यांतून (इथं त्याला खातं म्हणतात) कापडाचे तागे उचलायचे, मार्केटात टाकायचे. टेम्पो शेठचा. स्वतःची गाडी घेईन, हे मी लग्नापासून ऐकतेय. आज जेवतानाही तेच. म्हटलं, आधी भाजी घ्या.

८ नोव्हेंबर

काम लागलं. मोठ्या रस्त्यावर योगेंद्रचं गेमचं दुकान आहे. अमळनेरकडचा पोरगा. मावशी म्हणतो आणि कामं सुनेसारखी सांगतो. झाडायचं, पुसायचं, पाणी भरायचं. संध्याकाळी पोरं येऊन बोंबलतात, दुपारी दुकान मोकळं. तेव्हा त्याचा दुसरा धंदा चालतो. बड्या घरच्या पोरांना गेममधलं जे जमत नाही, ते हा करून देतो.

मोटारींच्या शर्यतीचा एक गेम आहे. त्यात आख्खा विलायती मुलूख आहे, नदी, डोंगर, शेतं, कुठंही गाडी फिरवा. त्या मुलखात जुन्या मोटारी लपवून ठेवल्यात. कुठल्यातरी पडक्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. नकाशावर नुसता एक मोठा जांभळा गोल दिसतो. शेड त्या गोलात कुठंतरी असते. जा आणि शोधा. पोरांना धीर नाही, योगेंद्रची बोटं दुखली, म्हणून रिमोट माझ्या हातात दिला.

मला तरी कुठं धीर आहे. मी रस्त्यानं जातच नाही. कुंपण तोडून सरळ पिकात गाडी घालते. पहिल्यांदा उभा गहू चिरडला तेव्हा गाडी मागं घेतली. मग म्हटलं, विलायती शेतकरी आहे, बघून घेईल त्याचं तो.

१२ नोव्हेंबर

पहिली सापडली! ओढ्याच्या पल्याड, झाडीत. पत्रे गंजलेले, दाराला साखळी. आत गवताच्या पेंढ्या आणि पेंढ्यांमागं लाल मोटार, धुळीनं माखलेली. डोळे फुटल्यासारखे दिवे. बिचारी कधीची बसून होती कोण जाणे.

आता नवी गाडी दारात आली तर घरच्या बाईनं तिला कुंकू लावायचं असतं. पिशवीत डबी होतीच. काचेवर, तिच्या कपाळाच्या जागी, स्वस्तिक काढलं. लिंबू उतरवलं. आणि बोलून गेले, चल माय, आता तू आपली. गोडादऱ्याला घर आहे, दार उघडंच असतं, ये.

योगेंद्र बोंबलत आला की मावशी, टीव्हीला कुंकू लावलं! आख्खं दुकान हसलं. घरी सांगितलं तर हे पण हसले. मग विचारलं, रंग कुठला होता म्हणालीस?

१४ नोव्हेंबर

आज दुसरी सापडली. डबी योगेंद्रनं काढून घेतली होती, त्यामुळं हिला काही लावलं नाही. सापडल्यावर पुढं काय होतं ते आज दाखवलं त्यानं. गेममध्ये एक मिस्तरी आहे. तो गाडी उचलून नेतो आणि खोलतो. चाकं काढतो, दारं काढतो, बसायची गादी उपटतो, वायरी आतड्यांसारख्या ओढून काढतो. उरलेलं घासून घासून पांढरं करतो. मग वरून रंग. अशी चकचकीत की आधीची कुठली ओळखच राहत नाही. योगेंद्र म्हणतो, कशी भारी केली बघ. मला नाही आवडलं. बकरं सोलताना पाहिलंय मी, ते बरं वाटतं.

आणि ती लाल, पहिली, गॅरेजमध्ये नाहीच. मिस्तरीकडं पण नाही. गिऱ्हाईक फोनवर शिव्या देतंय. योगेंद्र म्हणतो, तूच काहीतरी दाबलं असशील. मी म्हटलं, तुझा गळा दाबला नाही ते नशीब समज.

१७ नोव्हेंबर

सकाळी दारापुढं सडा टाकायला गेले तर मातीत चाकांचे वण. मोटारसायकलचे नाहीत. दोन पट्टे, एक आमच्या भिंतीला घासून, एक मालतीबाईच्या. थेट आमच्या उंबऱ्यापर्यंत आलेले, आणि परत गेल्याचे नाहीत. मध्ये काळ्या तेलाचा डाग.

मालतीबाई म्हणते, कुणाची गाडी घातलीस गं गल्लीत, माझ्या भिंतीचा रंग गेला. तिच्या भिंतीला लाल लागलंय. मी म्हटलं, हत्ती आणून बांधलाय, दिसत नाही? पण हसू काही आलं नाही.

तेल रॉकेल टाकून घासलं. निघत नाही.

२० नोव्हेंबर

हे भर दुपारी घरी आले. कधी येत नाहीत. मी जेवायला आलेले, तव्यावर भाकर. शर्टावर गवताच्या काड्या, अंगाला बंद शेडचा वास. उंदीर, गंज, ओल. विचारलं तर म्हणाले, आता टेम्पो नको, आपली गाडी आली. कुठं आहे? दारात उभी शे, तुले दखाय नही का? अहिराणीत बोलतात ते फक्त फार आनंदात असले की.

दारात पाहिलं. गल्ली मोकळी. कोंबडी सुद्धा नाही.

म्हटलं, उन्हात डोकं फिरलंय तुमचं, ताक प्या. ताक न पिता गेले. मी दारातच उभी. बाहेर हे खाली वाकले, काहीतरी उघडल्यासारखा हात केला आणि बसले. कशावर? काही नव्हतं तिथं. इंजिनाची घरघर माझ्या पायांतून वर आली. धूळ उडाली. डोळे पुसून पाहते तर गल्ली रिकामी. पळायला जागा नाही, वळायला जागा नाही आणि माणूस नाही.

मालतीबाईनं पण पाहिलं. कात्री तशीच हातात.

२३ नोव्हेंबर

आले नाहीत. टेम्पोवाल्या शेठचा फोन, हिलाल कुठं आहे, माल पडलाय. चौकीत गेले. साहेब हिंदीत म्हणतो, मावशी, तुम्हारे उधर के आदमी जाते हैं, आते हैं, गाव में पूछो. मी म्हटलं, गल्लीत बसल्या जागी गेले. तो शिपायाकडं बघून हसला. त्याला असं काही बोलले की बाहेर काढलं मला.

मालतीबाई आता दार लावून धागे कापते. आतूनच म्हणते, तुझ्या कामाचं काहीतरी घरी आणलंस तू. जा, तिथंच विचार.

२५ नोव्हेंबर

दुकानात गेले. योगेंद्रला सांगितलं, तो कानात वायरी घालून बसला. नकाशा उघडला. सगळ्या गाड्या सापडून झाल्या होत्या, गोल एक उरला नव्हता, हे त्यानंच परवा सांगितलेलं. आज एक गोल आहे. जांभळा. पार कडेला, जिथं मुलूख संपतो तिथं. म्हणतो, कंपनीनं नवीन टाकला असेल, शोध, गिऱ्हाईक खूश होईल.

शोधला. पिकातून गेले. ऊस होता, गाडीच्या वर. शेड सापडली. पत्र्याची, खिडकी नाही. आत ताडपत्री. ताडपत्रीखाली लाल पत्रा थोडा. खाली चाक. चाकाजवळ उघड्या दारातून एक पाय बाहेर. पायात निळी चप्पल, अंगठ्याला तार गुंडाळलेली. ती तार मी गुंडाळली होती, दिवाळीला हे गावी आले तेव्हा.

पाय हलला.

पडद्यावर अक्षरं आली, गाडी मिळवायला बटण दाबा. मी दाबलं नाही. दाबलं की मिस्तरी येणार. योगेंद्र मागून आला, दाब ना मावशी, म्हणून रिमोट ओढायला लागला. त्याला दिसत नाही का पाय? म्हणतो, कुठला पाय, टायर आहे तो. मी त्याच्या हाताला चावले. रक्त आलं. वायर उपटली, पडदा काळा केला. त्यानं मला धक्के मारून बाहेर काढलं. म्हणाला, तुझ्या नवऱ्याला शोधायचा तिकडं शोध, ही गाडी उद्या मीच काढतो.

उद्या.

२६ नोव्हेंबर

उजाडलं. दुकान उघडायला अजून वेळ आहे. उंबऱ्यापाशी चाकांचे वण परत आलेत. ताजे. काही दिसत नाही, पण हात पुढं केला तर पत्रा लागतो. गरम. दार उघडंच आहे—

योगेंद्रला अडवून उपयोग नाही. गोल आता सगळ्यांना दिसणार. आधी मीच जाते, ह्यांना ओढून काढते. वही आणि पेन पिशवीत आहे. विळी घेतलीय.

बसते.

तारीख माहीत नाही

अंधार. पत्र्याच्या फटीतून थोडा उजेड, त्यावर लिहितेय. हे आहेत. शेजारीच. बोलतात, हसतात. कालपासून ओढतेय ह्यांना. निघत नाहीत. ह्यांचा उजवा हात स्टिअरिंगला आहे. धरलेला नाही. बोटं कुठं संपतात आणि स्टिअरिंग कुठं सुरू होतं, हाताला लागतच नाही. पाठ पण तशीच, गादीला. मी विळीनं कापायला गेले तर हे ओरडले.

डावा हात तेवढा सुटा आहे.

म्हणतात, बस ना, आपली गाडी. कुणीतरी शोधेल. रंग लावतील. नवे करतील आपल्याला.

सांगितलं, मिस्तरी कसं करतो ते. वायरी कशा ओढतो. ऐकत नाहीत. हसतात.

—

माझी पाठ ओढून पाहिली आत्ता. साडी फाटली, पाठ नाही सुटली.

—

बाहेर इंजिन. लांब आहे. ऊस मोडल्याचा आवाज. रस्त्यानं नाही, सरळ पिकातून येतोय. मीच शिकवलं योगेंद्रला—

लांब गेला.

परत आला. चकरा मारतोय. शेड दिसली नाही अजून. गप्प बसलं तर जाईल. गप्प बसा हो, पाया पडते, गप्प—

ह्यांना आवाज ऐकू आला. आयुष्यभर ड्रायव्हर, दुसरी गाडी जवळ आली की हॉर्नवर हात जाणारच. ह्यांनी डावा हात उचलला. एका हातानं धरलाय मी, एका हातानं लिहितेय. ताकद आहे त्यांना. आज पहिल्यांदा माझ्यावर चिडलेत.

जवळ आला. पत्रे थरथरतात. सरकतोय हात, नाही धरवत एका हातानं, दोन्ही लागतील, पेन ठे