यंदा पाटावर कोण

खासगी बाजार, लष्कर-ग्वाल्हेर
ता. २२ सप्टेंबर १९५८

चि. सौ. विमल हिला नानांचे अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझ्या लेकीची खुशाली आधी. शामला मजेत आहे, इंटरचा अभ्यास नेटाने करते. मी शाळेतली एखादी जुनी कविता म्हणू लागलो की पुढची ओळ हिसकावून घेते. मध्यभारत राज्य मोडून दफ्तरं भोपाळला गेली तेव्हापासून फूलबागेत बाकं रिकामी असतात. एकेकाळी आम्हा मास्तरांना तिथे जागा मिळत नसे. आता मी बाक निवडून बसतो आणि जुन्या ओळी जमवत राहतो. जावईबापू माधवरावांना नव्या दफ्तराचं पाणी मानवलं का?

समोरच्या सुलोचनाबाई नवरात्रातली कुमारिका म्हणून यंदाही शामलालाच सांगून गेल्या. सतरा वर्षांची असली तरी दिसते दहाची, आणि अजून न्हाण येऊन शहाणी झालेली नाही, तेव्हा शास्त्राला चालते म्हणाल्या. शामलाचं म्हणणं, पाय धुऊन घ्यायचे आणि दोनदा खीर खायची, यात तक्रार कसली.

मे महिन्यात तिची उंची दाखवायला मुंबईच्या डॉक्टरांकडे गेलात आणि परतल्यापासून तुम्ही दोघं गप्प. मी मास्तर होतो, विमल. वर्ग एकाएकी गप्प झाला की मला समजतं.

लोभ आहेच, तो भोपाळच्या तळ्यात सांडू नये.

तुझा,
नाना

भोपाळ, ता. २९ सप्टेंबर १९५८

ती. नानांच्या चरणी विमलचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही ओळखलंत. डॉक्टरांनी शामलाच्या गालाचं आतून जरासं खरवडून काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बायकांच्या पेशींत कडेला एक गडद ठिपका दिसतो म्हणे. तिच्या पेशींत तो नाही, पुरुषांत नसतो तसा. म्हणून ते म्हणाले, दिसायला मुलगी असली तरी मूळ घडण मुलाची. आपोआप शहाणी होणार नाही, आणि मूल तर नाहीच. जिची इतकी वर्षं वेणी घातली तिच्याबद्दल हे ऐकून मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी खिडकीकडे.

तिला यातलं काही कळू देऊ नका. आणि नाना, यंदा तिला पाटावर बसवू नका. देवीपुढे खोटी कुमारिका कशी बसवायची? सर्दी झाली म्हणून सांगा.

मी तिथे नाही, माझ्या वाटणीची मायाही तुम्हीच करा.

तुमची,
विमल

खासगी बाजार, ता. २४ ऑक्टोबर १९५८

चि. सौ. विमल हिला आशीर्वाद, आणि थोडा राग, वि. वि.

शामलाला सर्दी झाली नाही. ती पाटावर बसली. सुलोचनाबाईंनी पाय धुतले, कुंकू लावलं, ओटीत खण घातला. वर हिने "थोड़ी और" म्हणून खीर मागून घेतली. देवीची हरकत असती तर सांगायला तिच्याजवळ नऊ दिवस होते.

डॉक्टरांशी वाद घालायची माझी लायकी नाही. पण एका ठिपक्यावरून पोरीचं पोरगीपण नाहीसं होतं हे मला पटत नाही. आधी संस्थान गेलं, मग मध्यभारत एका रात्रीत नकाशावरून गेला. सकाळी दूधवाला त्याच दारात उभा होता, आणि पाणीही नेहमीइतकंच घातलेलं होतं.

ती पाटावर बसली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं फूलबागेत बराच वेळ बसलो. काय बोललो ते आमचं आमच्यापाशी.

तू पोटभर जेवत जा. लोभ वाढवावा, काळजी कमी करावी.

नाना

भोपाळ, ता. २० सप्टेंबर १९५९

ती. नानांच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

आजचं पत्र आनंदाचं आहे. हे कामासाठी मुंबईला गेले होते तेव्हा डॉक्टरांनाही भेटून आले. डॉक्टर स्वतःहून म्हणाले, मी चुकीचा अर्थ लावला होता. यंदा परदेशात अशा एका मुलीच्या पेशींतली गुणसूत्रं मोजली गेली. माणसाला ती शेहेचाळीस असतात. त्यांत मुलीला दोन एक्स, मुलाला एक एक्स आणि एक वाय. शामलासारख्या मुलीत पंचेचाळीसच निघाली. एक्स एकटाच, आणि वाय कुठेच नाही. दुसरा एक्स नाही म्हणून ठिपका नाही, इतकंच. ती मुलगीच आहे, नाना, आणि पहिल्यापासून होती. आता औषधाने ती शहाणी होईल. उंची फारशी वाढायची नाही, आणि मूल होण्याबद्दल म्हणाले होते ते तसंच आहे.

हे तिला तुम्हीच वाचून दाखवा. अष्टमीला मी येते, खण घेऊन. यंदा तिला माझ्या हातांनी पाटावर बसवीन.

विमल

खासगी बाजार, ता. २४ सप्टेंबर १९५९

ती. सौ. आईस शामलाचा सा. न. वि. वि.

नानांचा चष्मा ओला झाला, म्हणून तुझं पत्र मीच मोठ्याने वाचलं. मी मुलगी असल्याचं समजलं. आभारी आहे.

रागावू नकोस, पण ठिपक्याची गोष्ट नानांनी मला गेल्याच वर्षी फूलबागेत सांगितली. मुलाची घडण असेल तर भांडी घासायची सुटतील का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. मला मूल होणार नाही हे ऐकून मात्र मी त्यांच्या उपरण्यात भरपूर रडले. तेवढं रडून झालंय. मग उद्या पाटावर जाशील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बसणार मी आहे आणि मी कोण ते मला माहीत आहे. डॉक्टरांना आत्ता कळलं, देर आए दुरुस्त आए. त्यांना नमस्कार, आणि औषध मी घेईन.

पण यंदा मी पाटावर बसणार नाही. अठरा झाली, जुलैपासून शाळेत लहान वर्गाला शिकवते, आणि पोरं मला बाई म्हणतात. सुलोचनाबाईंच्या पाच वर्षांच्या नातीला मी तयार केलं आहे. खीर दोनदा मिळते हे तिला सांगून ठेवलं आहे. तिचे पाय मी धुणार.

तेव्हा परकराचा खण आणू नकोस. साडी आण, गडद हिरवी. मला निऱ्या जरा जास्त पडतील, त्या मी आवरीन.

तुम्हा सगळ्यांचा लोभ माझ्या एकटीवर दोघींना पुरेल इतका आहे. लवकर ये.

तुझी,
शामला