आतल्या खोलीतला कॉम्प्युटर

रविवार, ७ मार्च

आधी जावई टपकले! लेक मागून, पिशव्या सावरत. जावयांना चहाचाही धीर नाही — थेट वायरींत डोकं. पायात मोजे दोन रंगांचे. लेकीला दाखवले तर म्हणते, 'आई, ती फॅशन आहे.' असेल बाई!

मग सूनबाई आणि चिमी. चिमीने दारातूनच विचारलं, 'बाबाचा आवाज लागला?'

माझा मुलगा आजारपणात तिच्यासाठी गोष्टी बोलून ठेवून गेला. ती तेव्हा रांगत होती. सगळ्या आतल्या खोलीतल्या त्याच्या कॉम्प्युटरवर. त्याला तर आवाजच नाही, कधीचा बिघडलाय. स्पीकर माझ्या बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला. आणि ह्या दोघांचा एका घरात राहून अबोला! जावई म्हणाले, 'सिस्टिम वेगळ्या आहेत आई, जुळवून द्यावं लागेल.' म्हटलं, स्थळ बघताय की काय!

किती ती खटपट. पासवर्ड घातला, माझ्याचं कुठलंसं दार बंद होतं ते उघडलं — आणि माझ्या पडद्यावर त्याचं फोल्डर! दाबलं. 'चिमे, ऐक हं. एका अस्वलाला झोपच येत नव्हती...' मध्ये खोकला. 'थांब हं,' म्हणाला. अगदी तसाच! चिमी स्पीकरला गाल लावून बसली. सूनबाई स्वयंपाकघरात गेली, नळ सोडून उभी राहिली.

गोष्ट अर्धी झाली आणि चिमीला तिथेच झोप लागली.

निघताना सूनबाई हळूच म्हणाली, 'आई, आतला मी नेऊ? ऑफिसचं काम आता घरून करायचंय.' म्हटलं, ने की! सगळं आलंच आता माझ्याकडे. जावई तेव्हा गाडी काढायला गेले होते.

सोमवार, ८ मार्च

गुडघा. दिवसभर पडून. पण घरात माणूस असल्यासारखं वाटतंय!

बुधवार, १० मार्च

अस्वल लावायला बसले. फोल्डर दिसतं, नाव दिसतं, दाबलं की 'सापडत नाही'. बंद करून चालू केला. वायफायचा डबासुद्धा पुसला! शेवटी जावयांना फोन.

'आई, आतला चालू आहे ना?'

म्हटलं, तो कुठला? सूनबाईने नेला.

मग म्हणाले, 'आवाज त्याच्यातच होता. तुमचा नुसता तिकडे डोकावत होता. पण घाबरू नका, तिच्याकडे असणारच. आणू, तुमच्यात उतरवून देतो.'

जीव भांड्यात पडला! सूनबाई फोन उचलत नाही. कामात असेल.

गुरुवार, ११ मार्च

सूनबाईचाच फोन. 'आई, ऑफिसवाल्यांनी कॉम्प्युटर कोरा करून त्यांची सिस्टिम घातली. आधी मन होईना. पण सगळं तुमच्याकडे आहे, म्हणून हो म्हटलं.'



चिमीने फोन ओढला. 'आजी, अस्वल झोपलं का गं शेवटी? सांगू नकोस! रविवारी येतो आम्ही, बाबाकडूनच ऐकणार.'

ये म्हटलं.